फाटकावरची हॉली

तोकुजी-सानसारखा माळी अख्ख्या तळ्याकाठी नाही, असं तळ्याकाठचे माळी सोडून सगळे म्हणत. ते वर्षातून दोनदा येत, जूनमध्ये आणि पुन्हा थंडीच्या तोंडावर. शिडी लावत, हात्सुएच्या फाटकावरची हॉली छाटत, दहाला आणि तीनला चहा घेत आणि "झाड बरं आहे" असं म्हणत. झाडाचं कौतुक केलं की चहाचं करावं लागत नाही.

हॉली म्हणजे नाताळच्या कार्डावरची काटेरी नव्हे. ही बारीक पानांची जपानी हॉली, इनुत्सुगे, बाराही महिने हिरवी. लग्नाच्या वर्षी हात्सुएच्या नवऱ्याने, यासुओंनी, ती काडीएवढी आणून फाटकाशी लावली होती. यासुओ पाणीखात्यात कारकून. बायकोशी दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली तीन या झाडाबद्दल. एक फांदी बांबूला बांधून, दरवर्षी जरा जरा वाकवत फाटकावर आणायची आणि तिच्यावर पानांचे गोल ढग राखायचे, असा बेत होता. फांदी हात्सुएने धरायची, दोरी यासुओंनी बांधायची आणि तोकुजींनी खालून दोघांना नावं ठेवायची. "वहिनी, फांदी धरलीय की नवऱ्याचा कान?" यासुओ वारले तेव्हा फांदी पलीकडच्या खांबापर्यंत नुकती पोचली होती. दोघांनी मिळून तडीला नेलेलं हे एवढं एकच काम, असं हात्सुएला वाटे.

यंदा जूनमध्ये तोकुजी आले आणि छाटून गेले. पुढच्या आठवड्यात परत आले.

"उशीर झाला यंदा, वहिनी. कंबर धरली होती."

"अहो, झालंय की," असं हात्सुए म्हणणारच होती. पण कुणाची चूक त्याच्या तोंडावर सांगायची तर आधी हवेबद्दल बोलावं लागतं, मग तब्येतीबद्दल. ती तब्येतीपर्यंत पोचली तोवर तोकुजी शिडीवर चढले होते. तिने चहा ठेवला.

जुलैभर ते येत राहिले. ढगांच्या वाट्या झाल्या, वाट्यांची लिंबं झाली. शेजारच्या शिरामिझूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुमची हॉली आज्ञाधारक आहे हो. दर आठवड्याला लहान होते."

"त्यांच्या लक्षात राहत नाही हल्ली."

"मग त्यांच्या मुलीला कळवा नागोयाला."

"ती घेऊन जाईल त्यांना. आणि आधी हातातली कात्री काढून घेईल. मग काय उरलं त्यांचं?"

"मग झाडाला तरी कळवा," शिरामिझूबाई म्हणाल्या, "की बाबा, तुझं काही खरं नाही."

हात्सुएने आडून आडून सांगून पाहिलं. "ऊन फार आहे, पानं जरा राखावीत म्हणतात." "म्हणणाऱ्यांचं काय जातंय," तोकुजी म्हणाले आणि कापत राहिले. तिने फाटकाला कुलूप घातलं, तर ते शिडी लावून फाटकावरून आत आले, आणि कुलूप गंजलंय, तेल घाला, असं सांगून गेले.

ऑगस्टच्या उन्हाने उघड्या फांद्या करपल्या. एका सकाळी तोकुजी शिडी टेकवून नुसतेच वर पाहत राहिले. स्मरण गेलं तरी नजर माळ्याची होती.

"वहिनी, हे कुणी केलं?"

हात्सुए खाली पडलेली पानं वेचू लागली.

"भर उन्हात, पानाच्या खाली, नुसत्या काडीपर्यंत कापलंय. हा माळी नव्हे, न्हावी." मग आवाज खाली आला. "दुसरा माणूस लावलात?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हात्सुए कमरेत वाकली. "हो. चुकलं माझं."

"मला सांगायचंत. मी काही मेलो नव्हतो."

ते शिडी उचलून गेले. यासुओंना ओळखणारा शेवटचा माणूस दुखावून गेला होता. निदान त्यांचं झाड तरी वाचलं, अशी तिने मनाची समजूत घातली.

ती समजूत आठवडाभरही टिकली नाही. तोकुजी पुन्हा हजर. वर पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हे कुणी केलं?"

ती पुन्हा वाकली. ते पुन्हा दुखावले. मग मात्र म्हणाले, "जाऊ दे. त्या गाढवाने बिघडवलंय ते सरळ करतो," आणि त्या गाढवाचं काम त्यांनी थोडं पुढे नेलं. त्यानंतर हे असंच चाललं. त्यांचा अपमान दर खेपेला ताजा असे आणि त्यांची क्षमाही. हात्सुए न केलेल्या फितुरीची कबुली इतक्यांदा देऊन बसली, की तो दुसरा माळी दिसतो कसा, हेही तिला हळूहळू ठाऊक झालं.

थंडीच्या तोंडावर फांदीवर एकही पान उरलं नव्हतं. तोकुजींनी नखाने साल खरवडली. खाली हिरवं नव्हतं. आणखी खाली खरवडली, मग बुंध्याशी.

"गेलं," ते म्हणाले.

या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. कात्री पुसून म्यानात ठेवली आणि रस्त्याकडे पाहिलं.

"यासुओ कामावरून आला की त्याला काय सांगायचं, वहिनी?"

यासुओंच्या अस्थी वेचताना हेच तोकुजी हात्सुएच्या शेजारी उभे होते. ज्यांची लाज राखायला तिने झाड दिलं, ते तोकुजी या माणसातून केव्हा निघून गेले होते कोण जाणे. जूनमध्येच गेले असतील. तेव्हा तिने तोंड उघडलं असतं, तर झाड राहिलं असतं आणि दुखावायला कुणी नव्हतंच.

"ते हल्ली उशिरा येतात," ती म्हणाली.

"मग थांबतो. तुम्ही एकट्यांनी का बोलणी खायची?"

ते पायरीवर बसले. हात्सुएला आत जाऊन करण्यासारखं काही सुचेना, म्हणून तीही बसली. रस्त्याने कुणी येत नव्हतं. तोकुजी अधूनमधून मान उंच करून पाहत, आणि ते पाहत म्हणून तीही पाही.