श्री. ब यांचं झाड

पेणला कोर्टाच्या मागच्या गल्लीत, खिळ्यामोळ्यांच्या दुकानावर, दिनानाथ गद्रे वकिलांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गद्रे आजवर ओळखीपाळखीतला एखादा मुलगा ज्युनिअर म्हणून ठेवत, आणि तो चार-सहा महिन्यांत कंटाळून पळून जाई. पण अठ्ठ्याण्णव साली कायदा पास झालेल्यांना लगेच सनद मिळत नव्हती. आधी वर्षभर एखाद्या जुन्या वकिलाकडे उमेदवारी करायची, असा नियम होता. त्यामुळे पोरं आपणहून वकिलांचे जिने चढत होती. त्यातच गद्र्यांचे साडू नागोठण्याच्या कंपनीत होते. तिथे नवीन माणसं कशी चाळून, पारखून घेतात, हे त्यांनी एका बारशाच्या पंगतीत रंगवून सांगितलं. गद्र्यांचं जिलेबीवरचं लक्ष उडालं. पुढच्याच आठवड्यात पेणच्या साप्ताहिकात जाहिरात आली:

'पाहिजेत. होतकरू विधिप्रशिक्षणार्थी. निवड चार टप्प्यांत. विद्यावेतन: अनुभव.'

ही जाहिरात रोह्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावात मनाली मरवडेपर्यंत पोचली. मनाली अलिबागला राहून कायदा शिकली होती. घरात भाताची आणि वालाची शेती. वकील सोडा, वकिलाच्या ओळखीचंही कोणी नव्हतं. रोह्यातल्या दोन वकिलांनी तिला 'लेडीज ज्युनिअरला बसायला वेगळी जागा नाही' असं सांगून परत पाठवलं होतं. चार टप्पे म्हटल्यावर तिला उलट बरंच वाटलं. जिथे परीक्षा असते तिथे वशिला नसतो, असा तिचा तेव्हा समज होता.

अर्ज सहा पानी होता. एका पानावर 'आपली तीन बलस्थाने' लिहायची होती, पुढच्या पानावर 'आपल्या तीन उणिवा'. आई, कृष्णाबाई, चुलीपाशी बसून ऐकत होती.

"उणिवा कशाला लिवायच्या गो?" ती म्हणाली. "बघायला पावणे आले तरी कोन सांगत नाय."

"लिहावंच लागतं, आई. रकाना हाय."

"मग लिव, लय काम करते."

मनालीने 'अतिपरिश्रमी स्वभाव' असं लिहिलं. अकरा अर्जांपैकी नऊ अर्जांत हीच उणीव होती, हे तिला नंतर कळलं. शेवटचा प्रश्न होता, 'पाच वर्षांनी आपण स्वतःला कोठे पाहता?' तो ऐकून वडील, हैबतराव, खरोखर काळजीत पडले. "म्हंजे पोरीला लांब कुठं धाडनार काय त्ये?"

लेखी परीक्षा एका रविवारी झाली. मनाली पहाटेच्या एसटीने पेणला गेली. ऑफिसात पक्षकारांच्या बाकांवर अकरा उमेदवार दाटीवाटीने बसले होते. प्रश्नपत्रिका वाटत होती सरू, गद्र्यांची टायपिस्ट. नऊ वर्षं ती त्या खोलीत टाइपरायटर बडवत होती आणि चेहऱ्यावर काही न दाखवण्याची कला तिला चांगलीच साधली होती. गंमत म्हणजे प्रत्येकाला प्रश्न वेगळा होता. मनालीच्या शेजारी बसलेल्या पेणच्या रितेशला मृत्युपत्र लिहायचं होतं, पुढच्या मुलाला भाडेकरार, त्याच्या पलीकडच्याला कोर्टात द्यायचा खुलासा. मनालीचा प्रश्न असा होता:

'श्री. अ यांचा गृहोद्योग आहे. शेजारी श्री. ब यांचे मोठे झाड आहे. झाडाच्या सावलीने व पाल्याने श्री. अ यांच्या मालाचे नुकसान होते. श्री. अ यांच्या वतीने श्री. ब यांना नोटीस लिहा.'

गद्रे बाकांमधून फिरत होते. मनालीच्या वहीत डोकावून ते म्हणाले, "फार मऊ लिहिताय. श्री. ब वाचताना हादरले पाहिजेत. त्यांना रात्री जेवण जाता कामा नये."

मनालीने मग हात मोकळा सोडला. श्री. ब हे हेकेखोर, आडमुठे आणि शेजारधर्माची चाड नसलेले गृहस्थ आहेत, त्यांनी हे झाड शेजाऱ्याच्या मुळावर येण्यासाठीच वाढू दिलं आहे, पंधरा दिवसांत ते तोडावं, नाहीतर होणाऱ्या परिणामांची सर्व जबाबदारी त्यांच्यावर राहील, असं तिने दोन पानं लिहिलं. लिहिताना तिला त्या श्री. ब यांचा खरंच राग आला. परतीच्या एसटीत वडखळपर्यंत तो राग उतरला नव्हता.

बारा दिवसांनी रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून निरोप आला: रूबेन सरांनी ताबडतोब बोलावलंय.

रूबेन अष्टमकर सर तिचे शाळेतले मराठीचे मास्तर. अष्टमीत त्यांच्या ज्यू समाजाची एके काळी बरीच घरं होती. एकेक करत सगळी इस्रायलला गेली, सरांची मुलंही गेली. सर आणि त्यांची बायको फ्लोरा मागे राहिले, कारण सरांचं म्हणणं होतं की या वयात उजवीकडून डावीकडे लिहिणं आपल्याच्याने होणार नाही.

मनाली पोचली तेव्हा सर ओटीवर बसले होते. मांडीवर रजिस्टर पोस्टाने आलेला कागद, हातात लाल पेन्सिल.

"बस," सर म्हणाले. "मला नोटीस आलीय. पेणच्या गद्रे वकिलांची. शेजारी तो दत्तात्रेय पापडवाला आहे ना, त्याने गेल्या वर्षी ही जागा घेतली. आमच्या चिंचेची सावली त्याच्या पापडांवर पडते म्हणे."

कुंपणाशी उभ्या असलेल्या त्या चिंचेखाली शाळेत असताना तिने कितीतरी दुपारी काढल्या होत्या.

"मी हेकेखोर आहे," सर वाचू लागले. "ठीक. फ्लोराही तेच म्हणते. आडमुठा, ठीक. आणि ही सावली मी 'हेतूपुरस्कर' पाडतो." त्यांनी त्या शब्दाभोवती लाल गोल केला होता. "पुरस्कर काय? सावलीला पुरस्कार दिलाय का मी? पुरस्सर! हेतुपुरस्सर! आठवीपासून दहावीपर्यंत तीन वर्षं हा शब्द मी एकाच वहीत दुरुस्त केला. ती वही कोणाची होती?"

मनाली खाली मान घालून रडायलाच लागली. रडत रडत तिने अर्ज, परीक्षा, श्री. अ, श्री. ब, सगळं सांगितलं.

"मला खरंच माहीत नव्हतं, सर. मला वाटलं प्रश्न बनवलेला असेल."

आतून फ्लोरामावशी बाहेर आली. "रडवू नका तिला. गो, ह्यांना हेकेखोर बोललीस त्यात चुकीचं काय हाय? पण झाड मात्र नाय तोडायचं. माशाच्या आमटीला चिंच मी बाजारातून आणू काय?"

"नोटिशीला उत्तर द्यायला हवं," सर म्हणाले. "लिही."

"मी कशी लिहू? मला सनद नाय."

"नोटीस लिहिताना होती काय?"

मनालीने पेन काढलं. तिने तिथेच बसून मसुदा केला. या खेपेला तिने कोणाला एक वाकडा शब्द लिहिला नाही. झाड चाळीस वर्षांचं आहे, वाळवण एक वर्षाचं आहे, आणि सूर्य आमच्या अशिलाच्या ताब्यात नाही, एवढंच मुद्देसूद लिहिलं. सरांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कागद परत दिला. मग दोघं रोह्याला बाबाजी मोकल वकिलांकडे गेली. हे सरांच्या बरोबरीचे. वकिली बहुतेक आटोपत आणलेली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "कोणी लिहिलं?"

"हिने," सर म्हणाले. "नोटीसही हिनेच लिहिलीय."

बाबाजींनी चष्मा काढून मनालीकडे बघितलं. "मी चाळीस वर्षं वकिली केली, पण दोन्ही बाजू एकटीने लढवणारी आज बघतोय. फी कोणाकडून घेतेस?"

"कोणाकडूनच नाय," मनाली म्हणाली.

बाबाजी खूप वेळ हसले आणि त्यांनी सही केली.

दोन आठवड्यांनी गद्र्यांचं पत्र आलं. मनाली लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाली होती. पुढचा टप्पा, गटचर्चा. जावं की नाही या विचारात तिने दोन रात्री काढल्या. शेवटी जायचं ठरवलं. हा माणूस आता काय विचारतो ते तिला बघायचंच होतं.

अकराच्या अकरा उमेदवार उत्तीर्ण झाले होते. गद्रे गोल मांडलेल्या खुर्च्यांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "कंपन्यांत यालाच ग्रुप डिस्कशन म्हणतात. विषय साधा आहे. एक श्री. ब आहेत. त्यांच्याकडून नोटिशीला हे उत्तर आलंय. याची चिरफाड करा. सरू, मुद्दे टिपून घ्या."

सरूने उत्तर वाचून दाखवलं. 'सूर्य आमच्या अशिलाच्या ताब्यात नाही' या वाक्याला दोघं-तिघं हसले. रितेशने बाह्या सरसावल्या. "उत्तर कमकुवत आहे, सर! सूर्य ताब्यात नाही, पण झाड आहे ना?"

"वा! टिपा, सरू."

चर्चा रंगली. एकाने मुळांचा मुद्दा काढला, एकाने पक्ष्यांच्या विष्ठेचा. सरूची पेन्सिल चालत होती. वीस मिनिटांत पुढच्या नोटिशीचा मसुदा जवळजवळ तयार झाला.

"मरवडे, तुम्ही सहभाग घेत नाही आहात. याचे गुण जातील."

मनाली उभी राहिली. "सर, मला यावर बोलता येणार नाही. ते उत्तर मीच लिहिलंय. नोटीससुद्धा मीच लिहिली होती, तुमच्या पेपरात. श्री. ब माझे शाळेतले सर आहेत. तुम्ही आमचे पेपर सही करून पोस्टात टाकता, हे आम्हाला सांगायला पाहिजे होतं."

रितेश हळूच म्हणाला, "म्हणजे माझं ते मृत्युपत्र? ते कोणाचंय?"

"वडगावच्या एका म्हाताऱ्याचं," सरूने उत्तर दिलं. तिचा आवाज बहुतेकांनी तेव्हा प्रथमच ऐकला. "मागच्या मंगळवारी सही झाली."

"अहो, मी त्यात मोठ्या मुलाला काहीच ठेवलं नाही! पेपर संपवायची घाई होती!"

एकदम गलका झाला. भाडेकरारवाला, खुलासावाला, सगळे आपापल्या कागदांबद्दल विचारू लागले. गद्र्यांनी टेबलावर हात आपटला. "हे बघा, तुम्हाला प्रत्यक्ष अनुभव मिळाला. बाहेर यासाठी पोरं पैसे मोजायला तयार आहेत. कंपन्यांत याला लाइव्ह प्रोजेक्ट म्हणतात." मग ते मनालीकडे वळले. "आणि तुम्ही! उमेदवाराने विरुद्ध बाजूचं काम करणं हा नैतिकतेचा प्रश्न आहे."

"व्हय सर," मनाली म्हणाली. ती घाबरली की तिच्या तोंडात गावची भाषा येई. "म्हणून तर सांगितलं. तुम्ही नाय सांगितलंत."

ती जिना उतरली. खाली खिळे मोजून घेणारं गिऱ्हाईक वर बघत उभं राहिलं होतं.

महिनाअखेर सगळ्या उमेदवारांना निकाल आला. 'मुलाखतीचा टप्पा काही कारणाने रद्द. आपले नाव प्रतीक्षा यादीत क्रमांक एकवर आहे.' रितेशने मनालीला पेणहून पत्र लिहून कळवलं की त्याचाही क्रमांक एकच आहे. त्याने सरूला गाठून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "एकच पत्र टाइप केलं. बाकी कार्बन." निवड झालेल्यांची यादी कुठे आहे, असंही त्याने विचारलं होतं. ती साहेबांनी टाइप करायला दिलीच नव्हती. त्यांची दोन वर्षांची तुंबलेली कामं मात्र निपटली होती.

चिंचेचं भांडण मात्र अजून मिटलं नव्हतं. मनाली एका सकाळी सरळ दत्तात्रेय पापडवाल्याच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "काका, मी दिवसभर इथं बसते. सावली कुठवर येते ते बघू." दत्तात्रेय वरकरणी तापट, पण हिशेबाला पक्का माणूस. त्याने तिला कोळसा दिला. तासातासाला दोघांनी मिळून फरशीवर रेघा ओढल्या. दुपारी तीनपर्यंत सावली कुंपणाबाहेर आलीच नाही. तीननंतर आली, तेव्हा ठमाबाई आणि तिच्याबरोबरच्या पापड लाटणाऱ्या बाया पोळपाट घेऊन त्या सावलीतच सरकल्या.

"झाड तोडताय व्हय?" ठमाबाईने दत्तात्रेयला विचारलं. "मग आमी बसायचं कुठं? तुमच्या डोक्यावर?"

दत्तात्रेयने डोकं खाजवलं. "मी तोडायचं बोललोच नव्हतो. पाला लय पडतो, फांदी छाटायला सांगा, एवढंच त्या वकिलाला बोललो. तो बोलला, एवढ्यावर नोटीस होत नाय."

त्याच संध्याकाळी रूबेन सरांनी कुंपणावरच्या दोन फांद्या छाटून घेतल्या. दत्तात्रेयने पोह्याच्या पापडांचं एक पुडकं पाठवलं. फ्लोरामावशीने ते भाजून बघितलं आणि मीठ जास्त असल्याचं कुंपणावरून कळवलं.

मनाली बाबाजी मोकलांकडे हे सांगायला गेली, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे छतापर्यंत फायली रचल्या होत्या. "वेगळी बसायची जागा नाही. फायली हलवल्यास तर होईल. उद्यापासून येशील?"

"अर्ज कसा करायचा, सर?"

"येताना नाक-तोंड झाकायला फडका आण," बाबाजी म्हणाले. "धूळ फार आहे."