शेंदराखालची दाढ

दाढ बोलतेय मी. हसता काय? तुमच्या किडक्या दाढेसारखी नाही मी, दोन्ही हातांनी उचलावी लागते. प्रवरेकाठी गाव नव्हतं, देऊळ नव्हतं, तेव्हा एका हत्तीच्या जबड्यात होते. गवत चघळायचं, एवढंच काम.

हत्ती मेला, नदीनं मला गाळात पुरलं, मी दगड झाले. निवांत होते. मग बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि खणता खणता राहीबाईची कुदळ माझ्यावर बसली.

"आगं बया! राक्षसाची दाढ हाय ही!"

शाळेतले रंगनाथ सर धावत आले. स्वतःच्या रुमालानं माझी माती पुसली. म्हणाले, "राक्षस कसला? जुना हत्ती आहे, आताच्याहून निराळा. प्राणी पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात. माणूसही तसाच घडला. हिला पुण्याला तपासायला नेतो." लाखो वर्षांनी मला कुणी ओळखलं होतं! काय हरखले मी!

पण मारुतीच्या पारावर गावातले कीर्तनकार राधाकृष्ण महाराजांनी सरांना गाठलं. "देवानं माणूस माणूस म्हनूनच घडवला. तुमचा आजा माकड आसंल, आमचा न्हाई!" लोक खो खो हसले. मारुतीला दर शनिवारी तेल घालणारी ही माणसं, माकडाशी नातं म्हटलं की नाक मुरडतात. सर मला तिथंच टाकून खाली मान घालून निघून गेले.

"राक्षस जागा झालाय, म्हनून पाऊस न्हाई. शांत करा त्याला," महाराज म्हणाले. लगेच मला पारावर मांडून शेंदूर थापला. सकाळची राक्षसीण संध्याकाळी दाढमाता! उत्क्रांती मानत नाहीत म्हणे, आणि ही एवढी झटपट?

शी! खवट तेल, मुंग्या, नारळाचं आंबलेलं पाणी. स्वतः दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर जगणारी राहीबाईसुद्धा माझ्यावर तेल ओतते!

तरी सर येऊन मला नेतील, या आशेवर होते. एका शनिवारी आले. हातात पिशवीही होती. पिशवीतून नारळ निघाला. तो फोडून त्यांनी कान धरले. "दाढमाते, त्या दिवशी बोललो ते पोटात घाल. या उन्हाळ्यात बदली नगरला होऊ दे, पुन्हा येऊन नारळ फोडीन."

आणि तिथूनच वर्गावर गेले, उत्क्रांतीचा धडा शिकवायला!

महाराजांचा मला राग येतो. पण ते बोलतात ते निदान मानतात तरी. किळस आली ती सरांची.

सर, मला बदली करता येत नाही हो. गवत तेवढं चघळता येत होतं. नवस फेडायला याल, तेव्हा नारळ नको. नखानं हा शेंदूर जरा खरवडा. खाली तुम्ही म्हणाला होतात, तेच आहे.