तिसऱ्या पायरीची ऊब

त्या गावात थंडी अशी पडायची, की सकाळी शेजाऱ्याशी भांडायला निघालेला माणूस दार उघडायचा, एक श्वास घ्यायचा आणि भांडण दुपारवर ढकलून पुन्हा पांघरुणात शिरायचा. दूधवाला म्हणे दूध ओतायचा नाही, कापून द्यायचा. यात थोडं तिखटमीठ माझं आहे, पण थोडंच. अशा गावात ऊब वाटत फिरणारा बाबा आला आणि लोक त्याच्या मागे लागले, यात नवल ते काय?

बाजारामागचं सभागृह त्या सकाळी तुडुंब भरलं होतं. दारात चपलांचा ढीग, आत खोकल्यांचा गजर आणि शेवटच्या बाकावर, ओव्हरकोटाची कॉलर कानापर्यंत ओढून बसलेल्या गावच्या डॉक्टरीणबाई. त्या स्वतःहून आल्या नव्हत्या. त्यांच्या एका बाजूला त्यांची आई बसली होती, दुसऱ्या बाजूला सासूबाई. दोघी त्यांच्याच घरी राहायच्या, एकमेकींना गोड आवाजात ‘विहीणबाई’ म्हणायच्या आणि त्या गोडव्यात सुई टोचायच्या. आजवर दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे हा बाबा. त्याला सगळे ऊबबाबा म्हणत.

बाबा व्यासपीठावर पातळ रेशमी अंगरखा घालून बसला होता. समोर भक्तांच्या रांगा, प्रत्येकाच्या अंगात एकसारखी काळी बंडी आणि छातीवर पितळेचा छोटा सूर्य. बंडीला ‘कवच’ म्हणायचं, बंडी म्हटलं तर पट्टशिष्य डोळे वटारायचा.

“ऊब बाहेर शोधता, वेड्यांनो,” बाबा घोळवून घोळवून बोलत होता. “शेगडी बाहेर, ऊन बाहेर, रजई बाहेर. मग आत काय ठेवलंय तुम्ही? नुसता नाश्ता? हात छातीवर न्या. सूर्य दाबा. आतल्या श्रद्धेनं त्याचा डोळा उघडेपर्यंत दाबून धरा.”

भक्तांनी दाबून धरलं. सूर्यांच्या मधोमध लाल ठिपके उजळले आणि सभागृहभर ‘आहाहा’ अशी एक लाट गेली. पाठी गरम झाल्या, खोकले थांबले. पुन्हा दाबलं की श्रद्धेची दुसरी पायरी, आणखी ऊब. तिसऱ्यांदा दाबलं की तिसरी. तिथं कवच चटके देई. ते सोसायचे, कारण ती परीक्षा. आणि कित्येक दिवसांच्या सोसण्यानं पाठीवर उमटणारी नागमोडी तांबडी रेघ म्हणजे प्रत्येकाच्या कर्माप्रमाणे लिहिला गेलेला वैयक्तिक लेख. नियम तीनच होते. कवच उघड्या पाठीला लागून घालायचं, वर शाल घट्ट लपेटून पाठ टेकून बसायचं, आणि घरी जाताना ते मठात जमा करायचं, कारण कवच रात्री ध्यान करतं.

मठाचं विजेचं बिल हल्ली बरंच वाढलं असेल, असं डॉक्टरीणबाईंच्या मनात आलं. घरात दोन म्हाताऱ्या असल्या की माणूस बोलण्याआधी बराच विचार करायला शिकतो.

तेवढ्यात बाबानं त्यांच्या आईला पुढं बोलावलं. “ही माउली पाहा. तिसऱ्या पायरीवर बसते आणि चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. चटका हिच्यापर्यंत पोचतच नाही. येत्या रविवारी अखंड ऊब आहे, सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत. मधल्या खुर्चीवर हीच बसेल.”

आई अशी उजळली, की तिला कवचाची गरजच उरली नाही. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, पण हातांपेक्षा दात जास्त आवाज करत होते.

डॉक्टरीणबाईंना मात्र ओव्हरकोटात घाम फुटला. आईला साखरेचं दुखणं जुनं. पायात खडा रुतला तरी तिला कळत नसे. गेल्या उन्हाळ्यात चहाचा कप मांडीवर सांडला आणि तिला तो दिसला म्हणून समजला. चटका पोचत नाही यात साधनेचा काय संबंध? चटक्याचा निरोप नेणारा जासूदच म्हातारा होऊन बसला होता.

घरी पोचताच त्यांनी आईला पाठ दाखव म्हटलं. आई नाही म्हणाली. लेख चारचौघांना दाखवायचा नसतो, वर तू नास्तिक. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग त्यांनी विनवलं, मग कवच घालायचंच नाही असं बजावलं. त्यावर आईनं शांतपणे पिशवी काढली आणि तीत लुगडी भरायला घेतली. रविवारपर्यंत मठात राहीन म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी माघार घेतली. दवाखान्यात भल्याभल्यांना इंजेक्शन टोचणारी बाई आईपुढं नेहमी पाचवीतलीच होते.

मदत आली ती सासूबाईंकडून, तीही अनवधानानं. त्यांनी स्वतः होऊन पाठ पुढं केली. “सूनबाई, जरा बघ गं. माझा लेख विहीणबाईंपेक्षा ठसठशीत आहे की नाही, तेवढं सांग. आणि त्या लेखावर काही मलम असेल तर लाव, रात्रभर डोळा लागत नाही.”

दवाखान्यात जखम मोजायची डॉक्टरीणबाईंची एक रीत होती. जखमेवर पारदर्शक कागद धरायचा, पेनानं तिची कड गिरवायची आणि दर आठवड्याला नवा कागद जुन्यावर ठेवून ती आक्रसली की पसरली ते पाहायचं. सासूबाईंची रेघ त्यांनी सवयीनं तशीच गिरवून घेतली. नागमोडी, खाली-वर, खाली-वर, आणि डाव्या बाजूला मधेच एक आखूड वेडावाकडा वळसा, जणू ऐन शिवणात कुणाला शिंक आली.

दुसऱ्या खोलीतून आईनं हे ऐकलं होतं. सासूबाईंचा लेख कागदावर उतरला आणि आपला नाही, हे तिला सोसणार कसं? ती आली, खुर्चीवर उलटी बसली आणि म्हणाली, “घे. पण नीट काढ. माझा मोठा आहे.”

मोठा नव्हे, खोल होता. रेघेच्या कडेला फोड फुटले होते, आणि मणक्याजवळ, जिथं पाठ खुर्चीला टेकते तिथं, कातडी पांढरट आणि चामड्यासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तिथं बोट लावलं. “दुखतं?”

“छे. काहीच नाही. म्हणून तर मधली खुर्ची मला.”

डॉक्टरीणबाईंनी रेघ नीट गिरवली. मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले. वळणावर वळण बसलं. शिंकेवर शिंक बसली. कागद एक की दोन ते कळेना.

आईनं बोटानं एकेक वळसा मोजला. बाबानं तुझी पाठ जाळली, हे तिला सांगून पटलं नसतं. पण काचेवर दिसत होतं ते त्याहून भयंकर होतं.

“म्हणजे माझं कर्म आणि हिचं कर्म एकच?” ती म्हणाली.

“मलाही काही फारसा आनंद झालेला नाही, विहीणबाई,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग हळूच सांगितलं, की बँकेचे मॅनेजर परवा पाठ दाखवायला आले होते, त्यांचाही कागद कपाटात आहे. ते परवानगी देत असतील तर तोही लावून पाहू. मॅनेजरांनी फोनवर होकार दिला. माणूस उंचापुरा, तरी रेघ त्याच मापाची होती. वळसे तितकेच आणि शिंक त्याच जागी.

आईनं पिशवीतली लुगडी काढून कपाटात ठेवली. जखम धुवून घेतली, औषध घेतलं, पट्टी बांधून घेतली. मात्र पोलिसांत जाऊ, असं लेक म्हणाली तेव्हा तिनं हात वर केला. “रविवारनंतर जा. मधली खुर्ची माझी आहे. ती मी सोडणार नाही.”

रविवारी सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. बाबानं आईला खुर्चीकडं नेलं. शिष्यानं कवच पुढं केलं. आईनं ते हातात घेतलं, पण अंगात घातलं नाही. तीन कागद काढून तिनं व्यासपीठाच्या मोठ्या दिव्यासमोर एकावर एक धरले आणि मागची भिंत त्या एकुलत्या एका नागमोडी सावलीनं भरून गेली.

“बाबा, मी अडाणी बाई,” आई म्हणाली. हे खोटं होतं. तिनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. “हा माझा लेख, हा माझ्या विहिणीचा आणि हा मॅनेजरसाहेबांचा. कर्म ज्याचं त्याचं, मग अक्षर एकच कसं?”

बाबा काही कच्चा नव्हता. सगळ्या नद्या एकाच समुद्राला मिळतात, असं म्हणाला. पूर्वजन्मी तिघं सख्खी भावंडं होती, असंही म्हणाला. मागून कुणीतरी विचारलं, की मग माझ्या पाठीवरही तोच डावीकडचा वळसा आहे, मीही भाऊच का? आणखी दोघा-तिघांनी हात वर केले. पूर्वजन्मीचं कुटुंब भराभर वाढू लागलं.

“असेल, असेल,” आई मान डोलावून म्हणाली. “तर मग बाबा, तुम्ही आमचे वडील. आजवर तुमच्या अंगात आम्ही कवच पाहिलं नाही. आज माझं घाला. मधल्या खुर्चीवर बसा आणि प्रवचन करा. तिसऱ्या पायरीवर.”

सभागृहातून असा जयजयकार उठला, की नाही म्हणायला जागाच उरली नाही. भक्तांनीच त्याचा अंगरखा उतरवला, उघड्या अंगावर कवच चढवलं, छातीवरचा सूर्य तेवढा उघडा ठेवून वर हातांसकट शाल करकचून गुंडाळली. सासूबाई पुढं झाल्या आणि बाबाच्या छातीवरचा सूर्य त्यांनी स्वतः दाबला. पहिल्यांदा भक्तीनं, दुसऱ्यांदा जोरात, तिसऱ्यांदा मागच्या सगळ्या रात्रींची उडालेली झोप आठवून. डॉक्टरीणबाई शेजारी घड्याळ धरून उभ्या राहिल्या. बाबा लबाड असला तरी त्याची कातडी खरी होती, फोड येण्याआधी कवच उतरवायचं त्यांनी ठरवलं होतं.

प्रवचन सुरू झालं. एरवी बाबाचं प्रवचन सुरू झालं की माणसं मधे घरी जाऊन, जेवून, डुलकी काढून परत येत. आज ब्रह्मांडाची उत्पत्ती त्यानं एका वाक्यात उरकली. दुसऱ्या वाक्याला तो पाठ सोडून पुढं सरकला.

“टेका, बाबा,” आई म्हणाली. “आम्ही टेकतो.”

बाबा टेकला. मोक्ष आणि माया यांची त्यानं अदलाबदल केली. कपाळावर घाम आला, तो डावीकडं कलला, उजवीकडं कलला आणि शालीच्या गाठीशी झटापट करत उभा राहिला. मग त्या ज्ञानी पुरुषाच्या मुखातून त्याचं आयुष्यातलं पहिलं खरं प्रवचन बाहेर पडलं. “अरे गाढवा, बघत काय बसलास? बटण दाब ना, बटण. भाजतंय मला.”

शिष्यानं धावत येऊन बटण दाबून धरलं. सूर्याचा डोळा मिटला. त्या शांततेत ‘बटण’ हा शब्द सभागृहभर फिरला आणि प्रत्येकाच्या बोटाशी येऊन थांबला. मग जे हसू फुटलं, त्यानं त्या थंडीत सभागृह जितकं गरम झालं, तितकं कुठल्याच कवचानं झालं नव्हतं. निदान मी तरी असंच सांगतो.

डॉक्टरीणबाईंनी कात्रीनं बंडीची शिवण उसवली. आत काळ्या तारेची नागमोडी वेटोळी होती, डाव्या बाजूच्या वळशासकट. खिशाच्या अस्तरात पत्त्यांच्या जोडाएवढी बॅटरी. कवच रात्री मठात ध्यान करत नव्हतं, चार्ज होत होतं. अशी बंडी कुठंही विकत मिळते, आणि नीट वापरली तर ती काही वाईट नसते, हेही त्यांनी सांगितलं. पण ती जाड कपड्यावर घालायची, कमी उबेवर ठेवायची, मधून मधून बंद करायची. घालून झोपायचं नाही, ओली किंवा मोडकी वापरायची नाही. हातानं सहज सोसवते तेवढी ऊबसुद्धा एकाच जागी पाठीशी तासन्‌तास दाबून ठेवली, तर कातडी हळूहळू आतपर्यंत भाजते. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि साखरेच्या रोग्यांना तर ते वेळेवर कळतही नाही.

“मला कळलंच नाही,” आई माइकपाशी येऊन म्हणाली. आता तिचा आवाज वर्गात बोलावं तसा झाला होता. “मला वाटलं, देवानं मला निवडलं. चटका लागला तर हात मागं घ्यावा, ही अक्कल आपण जन्मताना घेऊन येतो. ती सोडून द्यायला जो सांगतो, त्याला आधी ‘का’ विचारा. आणि ज्याला चटका लागतच नाही त्याला देव भेटला असं समजू नका. त्याला डॉक्टरकडं न्या.”

पुढं पोलीस आले, मठाला कुलूप लागलं आणि गावातली भांडणं पुन्हा दुपारवर गेली. आईची जखम भरायला हिवाळा सरला. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई नवा कागद जुन्यावर धरत आणि रेघ थोडी आक्रसलेली असे. दोघी विहिणींचे कागद खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवलेले होते, आणि कुणाची जखम लवकर भरते यावरून घरात रोज वाद चालत.