गाठवणीचं लुगडं

"जालना, जालना! फलाट एकवरची गाडी भरली, मागून दुसरी येऊन राह्यली. पळू नका. ओ मावशी, चाकापुढून नका जाऊ, ड्रायव्हरला दिसत न्हाई तुम्ही!"

एवढं ओरडून बेबीनंदाने माइक खाली ठेवला आणि टेबलावरचा मोबाइल पुन्हा उचलला. अंगारकी होती. राजूरच्या गणपतीला पहाटेपासून माणसांची रीघ लागलेली, आणि दर्शन झालेल्या त्या सगळ्यांना घरच्या वाटेला लावायचं काम बसस्थानकातल्या या पत्र्याच्या खोलीतल्या दोघांवर होतं. एक वाहतूक नियंत्रक बेबीनंदा जंजाळ, आणि दुसरा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेला नियंत्रक संघपाल.

दुपारचा दीड झाला होता. निरोप सकाळी अकराचा होता, पण गर्दीमुळे नेटवर्क बसलं होतं. तो आत्ता येऊन पडला.

'नाकेदार सर, नमस्कार. आनंदाची बातमी! गाठवणीवरचा माझा लेख स्मरणिकेत घेतला. चार वाजता छपाई सुरू होणार, आणि अंक जिल्ह्यातल्या साठ शाळांत जाणार. तुमच्याशिवाय हे झालंच नसतं. मी गांधी चमनजवळच्या छापखान्यात प्रुफं तपासत बसलेय. चिन्मयी.'

बेबीनंदाने निरोप दोनदा वाचला.

नाकेदार सर म्हणजे बेबीनंदाच, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नाही.

तीन वर्षांपूर्वी ती मोबाइलवर 'खंदकापलीकडे' नावाची मालिका ऐकायला लागली. यादवांच्या काळातला एक गड, त्यातली राजकन्या, सेनापती, फितुरी, असलं सगळं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, एकाच कानात इअरफोन घालून ती ऐकायची. बाकीचे ऐकणारे सेनापतीवर जीव टाकत होते. बेबीनंदाचा जीव अडकला कोंडाईत. कोंडाई म्हणजे वेशीवर बसून आत-बाहेर जाणारी माणसं मोजणारी बाई. दोनशे चौदा भागांत तिला एकोणीस वाक्यं होती. त्यातली सात 'थांब, कोण आहेस?' हीच.

मग बेबीनंदाने मोबाइलवर 'कोंडाईचा कट्टा' नावाचा गट उघडला. नाव घेतलं नाकेदार. तिथं ती लिहायची, 'कोंडाई इतक्या भागांत एकदाही रजेवर गेलेली नाही. म्हणजे यादवांच्या राज्यातही बदली माणूस मिळत नव्हता.' लोक हसायचे. हळूहळू कोंडाईवर स्वतःच्या गोष्टी रचणारी पोरंपोरी कट्ट्यावर जमली आणि शंका विचारायला लागली. बेबीनंदा भोकरदनच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची, खात्री करायची आणि मगच उत्तर द्यायची. 'तुमच्या गोष्टीत सेनापती मिरचीचा ठेचा खातो. मिरची पोर्तुगीजांनी आणली, त्याला अजून दोन-अडीचशे वर्षं आहेत. सेनापतीला मिरी द्या. आणि राणीच्या उपासाला साबुदाणा देणार असाल तर तिला उपाशीच ठेवलेलं बरं, कारण तोही तेव्हा नव्हता.' चार हजारांवर माणसं झाली. सगळी तिला सर म्हणत. बी.ए.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडून कंडक्टर झालेल्या बेबीनंदाला त्या एका शब्दाने दिवसभराचा धुरळा अंगावरून उतरल्यासारखं वाटे. सर म्हणणाऱ्यांची ती चूक मात्र तिने कधी दुरुस्त केली नाही.

गाठवण हा विनोद होता. तिने लिहिलं होतं: 'वेशीवरची बाई बाहेर गेलेल्या प्रत्येक माणसामागे पदराला एक गाठ मारी, माणूस परतला की सोडी. जे परतलेच नाहीत त्यांच्या गाठी तशाच राहत. अशा लुगड्याला गाठवण म्हणत. संदर्भ: हिशेबनीस आत्याबाईंची बखर, सगळी पानं उंदरांनी खाल्लेली.' उंदीर वाचल्यावर तरी लोकांना कळेल, असं तिला वाटलं होतं. पण वाचणारे शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेच नाहीत. जालन्याच्या चिन्मयीने त्या रात्री विचारलं, 'सर, अंगावर काटा आला. हे खरंच होतं का?'

त्याच दिवशी उशिरा सुटलेल्या गाडीवरून साहेबांनी बेबीनंदाला भर फलाटावर फाडून खाल्लं होतं. तिने 'न्हाई गं, गंमत केली' असं लिहिलं. मग ते पुसलं. आणि लिहिलं, 'शंभर टक्के. जुन्या कागदांत आहे.'

त्यावर चिन्मयीने गोष्ट लिहिली. तिला जिल्ह्याच्या कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हाही बेबीनंदा गप्प बसली. गोष्टच तर आहे, असं मनाशी म्हणाली. पण आता लेख होता. साठ शाळा होत्या.

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. 'लेख थांबव' असं लिहून पाठवलं, ते जागचं हललं नाही. खिडकीबाहेर शे-दीडशे माणसं एका गाडीच्या दाराला लोंबकळत होती.

"ताई, सिल्लोडच्या गाडीचं काय सांगू? लोकं आत घुसून राह्यले," संघपाल दारातून म्हणाला.

"संघपाल, मला जालन्याला जावं लागतंय. आत्ता."

"आत्ता?" त्याने बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. "कोणी गेलं का?"

"न्हाई."

"मंग?"

"माझ्या हातून एक चूक झाली. ती चारच्या आत निस्तरायची हाये. यापेक्षा जास्ती आत्ता विचारू नको."

सात वर्षं तो तिच्यासोबत होता. या बाईने कधी अर्धी रजाही मागितलेली त्याला आठवत नव्हती.

"तपासणीला साहेब येणारेत तीनला," तो म्हणाला. "मी काय सांगू?"

"खरं सांग. न सांगता गेली म्हणून सांग."

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ती खाकी गणवेशात दाराशीच उभी राहिली. चौफुलीवर वाहनांची रांग लागली होती आणि गाडी बैलासारखी दोन पावलं चालून थांबत होती. दोन वीस. दोन पन्नास. बेबीनंदा दर मिनिटाला मोबाइल पाही. गावाबाहेर पडल्यावर नेटवर्क आलं, निरोप गेला, पण चिन्मयीने तो पाहिला नाही. फोन नुसता वाजत राहिला. छापखान्यात काय ऐकू येणार?

चिन्मयीला काय सांगायचं, हे ती मनात जुळवत होती. सरांनी पाठवलं म्हणून सांगता येईल, असं एकदा वाटलं. सर आजारी आहेत, मी त्यांची शेजारीण, त्यांची आठवण चुकली. सहज खपलं असतं. नाकेदार सरही शाबूत राहिले असते. जालना जवळ येईपर्यंत तिने ते चांगलं तीन वेळा घोळवलं.

छापखाना सापडायला पावणेचार झाले. आत शाईचा आणि रॉकेलचा वास होता, यंत्र सुरू होतं, पण त्यावर लग्नपत्रिका निघत होत्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई आणि पंचविशीतली एक मुलगी कागदांवर वाकल्या होत्या. मुलीचा चेहरा बेबीनंदाने कट्ट्यावरच्या फोटोत पाहिला होता.

"चिन्मयी?"

मुलीने वर पाहिलं. समोर धुळीने माखलेली, केस विस्कटलेली, खाकीतली बाई.

"हो. आपण?"

"मी राजूरहून आली. गाठवणीचा लेख छापू नका."

"नाकेदार सरांनी पाठवलं का तुम्हाला?" चिन्मयी उठलीच. "सर बरे आहेत ना? मी सकाळपासून त्यांच्या निरोपाची वाट बघत होते, मग फोन पिशवीतच राहिला."

जुळवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. समोर मुलीचे डोळे काळजीने मोठे झालेले. बेबीनंदाने खुर्चीची पाठ धरली.

"सर कोणी न्हाई. कट्ट्यावर मीच लिहिते. आन् गाठवण असं काही कधीच नव्हतं. मी ते मनानं रचलं."

यंत्राचा खडखडाट चालूच होता. चष्म्यातल्या बाईंनी, म्हणजे स्मरणिकेच्या संपादक ज्योत्स्नाताईंनी, पेन खाली ठेवलं.

"रचलं म्हणजे?" चिन्मयी म्हणाली.

"गंमत म्हणून लिहिलं होतं. तू विचारलं तव्हा सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगलं."

"तुम्ही शंभर टक्के म्हणालात. जुन्या कागदांत आहे म्हणालात."

"हो."

"का?"

बेबीनंदाला उत्तर माहीत होतं, पण ते इतकं क्षुल्लक होतं की तोंडातून निघेना. "तू मला सर म्हणून राह्यली होती," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी मला ते सोडवलं न्हाई."

ज्योत्स्नाताई चिन्मयीकडे वळल्या. आवाज वर्गातल्या बाईंसारखा, कोरडा. "मूळ संदर्भ पाहिला नाहीस तू?"

चिन्मयीचे कान लाल झाले.

"बाई, तिचा दोष न्हाई," बेबीनंदा मध्येच म्हणाली. "तिनं बराबर विचारलं होतं. खोटं मी सांगलं. पाहिजे तर माझं नाव घालून छापा की या बाईनं फसवलं. बेबीनंदा जंजाळ, वाहतूक नियंत्रक, राजूर. पण पोरांच्या हातात ते जाऊ देऊ नका."

ज्योत्स्नाताईंनी तिच्या गणवेशाकडे, मग घड्याळाकडे पाहिलं. चार पानांचा गठ्ठा बाजूला काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. "अहो, सोळा ते एकोणीस काढा," त्या यंत्रावरच्या माणसाला म्हणाल्या. "तिथं जाहिराती घ्या." आणि उठून त्याच्याकडे गेल्या.

टेबलाशी दोघीच राहिल्या.

"तुझी गोष्ट राहू दे," बेबीनंदा म्हणाली. "गोष्टीत काही खोटं न्हाई. ती चांगली हाये. मी चारदा वाचली."

"माझ्या आजीने ऐकली ती." चिन्मयी रेघ मारलेल्या पानांकडे बघत होती. "माझा धाकटा काका वीस वर्षांपूर्वी घरातून गेला, तो आलाच नाही. आजी त्याचं नाव काढत नव्हती कधी. गोष्ट ऐकली आणि तिने पदराला गाठ मारली. आता रोज लुगडं बदललं की नवीन पदराला मारते. म्हणते, पूर्वीच्या बायका मारायच्या, मीही मारते." तिने मान वर केली. "तिला मी काय सांगू?"

बेबीनंदाकडे सगळ्याची उत्तरं असायची. मिरची, साबुदाणा, काडेपेटी केव्हा आली, कोणतं नाणं कुठं चालायचं.

"मला न्हाई माहीत, बाळा," ती म्हणाली.

चिन्मयीने कागद गोळा करायला घेतले. एक पान खाली पडलं. बेबीनंदा ते उचलायला वाकली, तेवढ्यात चिन्मयीनेच ते उचललं.

"तुम्ही आता जा," ती म्हणाली. रागाने नाही, थकून.

परतीची गाडी निम्मी रिकामी होती. खिडकीशी जागा मिळाली. संघपालचा फोन आला. "ताई, साहेब येऊन गेल्ते. मी लई सांभाळून सांगलं, पण त्यायनी मेमो काढला. तुमचं काम झालं का?"

"झालं."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "जेवल्या का?"

"येतेच मी," ती म्हणाली.

मग तिने कट्टा उघडला आणि लिहायला लागली. विनोद न करता. गाठवण खोटी आहे. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांची चूक नाही. मी सर नाही, प्राध्यापक नाही. खाली स्वतःचं खरं नाव लिहिलं. ते लिहिताना वेळ लागला, कारण कट्ट्यावर ते कधीच लिहिलेलं नव्हतं. पाठवून दिलं.

खाली उत्तरं पडायला लागली. 'म्हणजे इतके दिवस आम्हाला मूर्ख बनवलं?' 'मिरचीचं तरी खरं का?' 'एसटीतल्या बाईला कोणी विचारलं होतं इतिहास?' कोणी हसणारी तोंडं टाकली. चार हजारांचा आकडा बघता बघता उतरत चालला. चिन्मयी गटातून बाहेर पडली, अशी एक छोटी ओळ वर आली आणि इतर ओळींनी तिला खाली ढकललं.

बेबीनंदाने मोबाइल पिशवीत ठेवला.

बाहेर कपाशीची रानं उतरत्या उन्हात मागे पळत होती. शेजारच्या जागेवर जालन्याला चढलेली एक म्हातारी होती, कुठल्याशा दवाखान्याची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. वळणावर गाडीने हिसका दिला आणि म्हातारीचं डोकं बेबीनंदाच्या खांद्यावर आलं. तिला गाढ झोप लागली होती. खाकी सदऱ्याच्या बाहीवर तिच्या तोंडातून लाळेचा एक ओघळ उतरला.

कंडक्टर तिकिटं देत मागे आला. त्याने बेबीनंदाला ओळखलं, म्हातारीला उठवायला हात पुढे केला.

बेबीनंदाने मानेनेच नको म्हटलं. खांदा अवघडला होता, पण राजूर येईपर्यंत तिने तो हलवला नाही.