आईचा आवाज पुसल्यावर

मी एक जुना टेपरेकॉर्डर. माझं झाकण गेलंय, एक कळ दोऱ्याने बांधलीय, तरी अंगातली ऐट अजून शिल्लक आहे. पोशीरला श्रीपतच्या घरी आलो तेव्हा साऱ्या आळीत माझ्यासारखा दुसरा नव्हता.

मित्रांनो, श्रीपतच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मुंबईच्या इस्पितळात एक यंत्र त्याचं रक्त नळीतून बाहेर काढी आणि धुऊन परत आत सोडी. सुई दिसली की त्याची छाती धडधडे आणि तो नळ्या उपटायला बघे. मग नर्सबाईंनी त्याच्या आईला, भीमाबाईला, अंग सैल सोडण्याची रीत शिकवली. आत फक्त पेशंटला सोडत, म्हणून भीमाबाईने ती आपल्या भाषेत माझ्यात भरून दिली.

"भाताची लावणी सरली रं श्रीपत. आता चिखलातनं पाय काढ. बोटं सैल सोड. गुडघं सोड. दम हळू घे, हळू सोड."

तो आवाज लागला की श्रीपतच्या मुठी उघडत. नर्सबाई माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

पावसाळा सरता सरता भीमाबाई तापाने गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, जमलेल्यांनी बुद्धवंदना म्हटली, ती श्रीपतच्या धाकट्या भावाने, सोमाने, माझ्यात भरली. आईसाठी म्हटलेली वंदना घरात राहावी, एवढीच त्याची इच्छा. घरात कॅसेट ती एकच होती. नवं भरताना जुनं पुसतं, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या खेपेला सुई टोचली आणि श्रीपतने कळ दाबली. वंदना सुरू झाली. त्याने टेप पुढे पळवून पाहिली, उलटून पाहिली. सगळीकडे वंदनाच.

"सोम्या, आई पुसलीस रं माजी," तो पुटपुटला आणि त्याचा हात नळीकडे गेला.

तोच टेप संपली, कळ खटकन वर आली, माझी चाकं थांबली. आणि माझ्या स्पीकरच्या जाळीतून भीमाबाई बोलली.

"मूठ उघड रं. दम हळू घे. अन् सोमाला रागं भरू नको, त्याला ठावं नव्हतं."

श्रीपतचा हात खाली आला. नर्सबाईंनी मला उचलून माझे सेल काढून पाहिले. मला परत ठेवताना त्यांची बोटं गार पडली होती.

घरी आल्यावर श्रीपत सोमाला एवढंच म्हणाला, वंदना चांगली भरलीस.

मित्रांनो, माझ्यात जे भरतात तेवढंच मी बोलतो. ते शब्द कुणीच भरले नव्हते. मला अजून माझ्याच जाळीची भीती वाटते. म्हणून सांगतो, घरच्या माणसांचे आवाज जपा. आणि कुणाच्या हातून एखादा पुसला गेलाच, तर त्याला रागे भरू नका. ज्याचा आवाज गेला, ते माणूस ऐकत असतं.