पाचवीचा भागाकार

राजश्रीने ‘असमाधानकारक’च्या चौकोनात एवढ्या जोराने खूण केली की पेनाचं टोक कागद फाडून टेबलाला लागलं. अकरा प्रश्न, अकरा खुणा, सगळ्या त्याच रांगेत. मुलीचा दाखला न्यायला आलेल्या आईकडूनच शाळेविषयी अभिप्राय भरून घ्यायचा, म्हणजे कमालच झाली!

“जूनपासून गणिताला मास्तर नाय. दिवाळी होऊन गेली ओ गुरुजी. वेदिका सातवीत आहे, बालवाडीत नाय.”

“जागा रिकामी आहे, राजश्रीताई. मी चार पत्रं लिहिली.”

दत्तात्रेय गुरुजी मोबाईल उंच धरून खिडकीशी उभे होते. सहावी ते आठवीचे तीन वर्ग, पोषण आहार, मतदारयादी, सगळं त्यांच्याच गळ्यात. शिवाय हे अभिप्राय दुपारपर्यंत वर पाठवायचे होते आणि रेंज नव्हती.

“कुंपणाच्या गडग्यावर चढून बघतो. तोवर मुलांनी भरलेले अभिप्रायाचे कागद इयत्तेप्रमाणे लावाल?”

दाखल्यावर सही व्हायची होती. शहरातल्या शाळेने सोमवारपर्यंतच जागा धरून ठेवली होती. राजश्रीने मुकाट्याने गठ्ठा ओढला.

पाचवीचे कागद शिसपेन्सिलीने लिहिलेले होते. आवडता विषय: गणित. का आवडतो: वेदिकाताई चिडत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, ताई भागाकार तीनतीनदा सांगते. मृणाली नावाच्या मुलीने तर ताईचं चित्रच काढलं होतं, दोन वेण्या आणि हातात खडू.

राजश्रीला आधी उमजेना. उमजलं तसं तिचं डोकं भडकलं. गणवेशाची बाही रोज खडूने माखते म्हणून ती पोरीलाच फैलावर घेत आली होती.

सातवीच्या कागदांत वेदिकाचाही होता. सगळीकडे ‘चांगले’. शेवटी, सूचनांच्या ओळीत, बारीक अक्षरात: ‘मलापण शिकवायला कोणीतरी हवे.’

गुरुजी आत आले.

“पाचवीवर माझी मुलगी उभी करता?”

“पाचवीच्या बाईंना तालुक्याच्या कामाला नेलंय. वेदिका आपणहून म्हणाली, मी बघते. आईला सांगू नका, ती शाळेतून नाव काढील, असंही तेव्हा म्हणाली.” त्यांनी मान खाली घातली.

राजश्रीला खूप बोलायचं होतं. या माणसावर ओरडावंसंही वाटत नाही, याचाच तिला जास्त संताप आला. तिने वेदिकाचा कागद गठ्ठ्यावर ठेवला.

“हा पहिला पाठवा. आणि सही करा.”

गुरुजींनी सही केली, शिक्का मारला.

ती पाचवीच्या दारात आली, तशी मुलं उठून एका सुरात ‘नमस्ते बाई’ म्हणाली. फळ्याशी उभ्या वेदिकाने आईच्या हातातला दाखला पाहिला. तिचा चेहरा खुलला. मग तिने वर्गाकडे पाहिलं.

“पाच मिनिटं थांब गो आई. यांचा भागाकार अर्धा राहिलाय.”

राजश्री मागच्या बाकावर जाऊन बसली. दाखल्याची घडी करून तिने तो पर्समध्ये ठेवला.

“दहा घे,” ती म्हणाली.