न झालेल्या प्रशिक्षणाची हजेरी

कारकुनाने हजेरीपट माझ्या टेबलावर सरकवला. वर लिहिलं होतं : लाच प्रतिबंध प्रशिक्षण. खाली पंचवीस सह्या, मधे माझ्या नावापुढे कोरी जागा. असं प्रशिक्षण आमच्या कंपनीत कधी झालंच नव्हतं.

"करा सही. पंचवीस जण शिकून मोकळे झाले, तुम्हीच तेवढ्या नापास राहिलात," तो म्हणाला.

तारीख वाचली आणि मी कागद घेऊन थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

"आपल्या एजंटने परवान्यासाठी अधिकाऱ्याला पाकीट दिलं. सापडला," त्यांनी आवाज खाली आणला. "एजंट आपला, म्हणून खटला कंपनीवरही. लाच रोखायची काळजी आम्ही आधीपासून घेत होतो, हे दाखवलं तरच सुटका."

"सर, या तारखेला मी प्रसूतिगृहात होते."

"अगं, ते कोण तपासणार आहे?"

"माझ्या मुलीचा जन्मदाखला."

ते हसले नाहीत. "पुढच्या महिन्यात तुला कायम करायची फाइल माझ्याकडेच येणार आहे. लेकरू लहान आहे, नवरा घरी बसलाय. जरा विचार कर."

विचार तर मी रोज पहाटेपासून करते. दुधाचा, औषधाचा, घरभाड्याचा. 'बरं' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. मी टेबलाची कड धरली.

"एजंट नेमायच्या आधी त्याची चौकशी करू, करारात लाचबंदीचं कलम घालू, असं मी गेल्या वर्षी लिहून दिलं होतं. तुम्ही 'नंतर बघू' म्हणालात. तेव्हा एका चौकशीला वेळ नव्हता, आता खोट्या सह्या गोळा करायला आहे."

त्यांच्यासमोरच मी माझ्या नावापुढे लिहिलं : गैरहजर. प्रशिक्षण झाले नाही. खाली आजची तारीख घातली, सही केली.

"हा कागद फाडता येतो," ते म्हणाले.

"फाडा. नव्यावरही हेच लिहीन. कोणी विचारलं तर तोंडी सांगेन."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"लेखी द्या, सर. कारणासकट."

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. पेनचं टोपण काढलं. पेन तसंच हवेत राहिलं.

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.